पहिलं नाव माझं

२ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून रोजनिशी. मनातलं कागदावर उतरवलं की ब्लडप्रेशर उतरतं, असं डॉक्टर म्हणाले.

प्रोफेसरपदाची मुलाखत २७ तारखेला. जागा एक, उमेदवार दोन: मी आणि शेजारच्या केबिनमधला गंज. (धातू कसे गंजतात यावर त्याचं संशोधन, म्हणून हे नाव. स्वभावही तसाच. आवाज न करता पोखरतो.) वयाच्या नियमामुळे माझी ही शेवटची संधी. हुकली तर रिटायर होईपर्यंत दारावर 'असोसिएट प्रोफेसर'.

संकल्प: रोज पाचला उठणे. गंजकडे लक्ष न देणे.

३ फेब्रुवारी
साडेसातला उठलो. मुलाखतीच्या आधी झोप महत्त्वाची.

माझा हुकमी एक्का म्हणजे सायटेशन्स. जगात किती जणांनी आपापल्या पेपरात माझ्या पेपरचा उल्लेख केला, तो आकडा. नऊ वर्षांपूर्वी मी एकट्याने लिहिलेला पेपर: मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा पत्रा सव्वादोनशे अंशांना तापवून रोलरखालून काढला, तर कडा फाटत नाहीत. लोकांचे फाटतात. माझा फाटला नाही. अख्ख्या विभागात इतका गाजलेला पेपर दुसरा नाही.

माझी पीएचडीची विद्यार्थिनी चार वर्षं तेच करतेय आणि तिचे सगळे पत्रे तडकतात. मला जुनाट भट्टी होती, तिला नवीकोरी घेऊन दिली, तरी तेच. हात जड आहे असं तिला सांगितलं. रोलर मोटारवर फिरतात सर, असं ती म्हणाली. हल्ली उलट बोलायला लागलीय.

६ फेब्रुवारी
झकास कल्पना! नुसत्या आकड्याने समिती हलणार नाही. सायटेशन ॲनालिसिस करायचं. कोणी, कुठून, कोणाबरोबर लिहिताना माझा उल्लेख केला, त्याचं एक मोठं रंगीत जाळं. मधोमध मी.

काम विद्यार्थिनीला दिलं. माझी जुनी भट्टी स्टोअरमधून काढून तिने काहीतरी आरंभलंय, दोन आठवडे द्या म्हणाली. फेलोशिप महिन्याअखेर संपतेय म्हणे. मी म्हटलं, पत्रे कुठे पळून जात नाहीत.

१० फेब्रुवारी
जाळं तयार. मी लाल ठिपका, भोवती सारी दुनिया. बघतच राहिलो.

सर, त्या लोकांनी लिहिलेली वाक्यंही एकदा वाचा, असं ती म्हणाली. ॲनालिसिस आकड्यांचं असतं, वाक्यांचं नव्हे, हे तिला समजावलं. तिने पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा मीटिंग आहे म्हणून उठलो. मीटिंग नव्हती. कँटीनमध्ये जाऊन बसलो, तर तिथे गंज. तयारी कशी चाललीय, असं त्याने इतकं गोड हसून विचारलं की चहा तसाच टाकून उठलो.

१२ फेब्रुवारी
सायटेशन्सचे प्रिंट घरी आणले. बायको बँकेत ऑडिटला असते, समोर येईल तो कागद तपासते. 'आम्हाला मात्र हा निष्कर्ष मिळाला नाही' असं सगळेच का लिहितायत, असं तिने विचारलं. मी सांगितलं, याचाच अर्थ माझं कसब जगात दुसऱ्या कोणालाही जमलेलं नाही. तिने प्रिंट नीट घडी घालून माझ्या हातात दिले. अभिमान असावा.

मग झोप का लागली नाही, कळत नाही.

१६ फेब्रुवारी
तोंडचं पाणी पळालंय. नियमावलीत बारीक अक्षरात एक कलम सापडलं. गेल्या दोन वर्षांत पहिल्या लेखकाच्या जागी उमेदवाराचं नाव असलेला निदान एक पेपर छापायला पाठवलेला हवा. गंजचे तीन आहेत. माझा एकही नाही, कारण ही दोन वर्षं मी मार्गदर्शन करत होतो. कारकुनाला विचारलं, मार्गदर्शन चालेल का. तो हसला.

१७ फेब्रुवारी
सुटलो! विद्यार्थिनीने पेपरचा मसुदा आणून ठेवला. पत्रा एकदाचा न फाटता निघाला म्हणे. मी काय वेगळं सांगत होतो?

मसुद्यावर तिचं नाव पहिलं, माझं दुसरं. तिला बसवून शांतपणे विचारलं: विषय कोणाचा, भट्टी कोणाची, मग पहिलं नाव कोणाचं? तिने मसुदा माझ्यापुढे सरकवला. आधी पूर्ण वाचा सर आणि मग ठरवा, एवढंच म्हणाली. माझ्याच कामाला मिळालेला दुजोरा मी काय वाचायचा! तिचे डोळे भरून आले होते. मलाही कसंसंच झालं. पण मुलाखत दहा दिवसांवर आलीय.

दुपारी पेपर पाठवून दिला. पहिलं नाव माझं. प्रत अर्जाला जोडली.

२२ फेब्रुवारी
आरशासमोर तालीम. आवाज मध्येच चिरकतो. आरसा लहान आहे.

नाही झालं तर काय, असं बायकोने विचारलं. भरल्या ताटावरून उठलो. मग भूक लागली म्हणून परत बसलो. तिने वाढलं.

२७ फेब्रुवारी, सकाळ
कोट चढवला. जिन्यात दोनदा थांबलो. कोट जड आहे.

२७ फेब्रुवारी, दुपार
समितीवर बाहेरून आलेल्या एक तज्ज्ञ बाई होत्या. जाळं दाखवलं. रंग छान आहेत म्हणाल्या. मग त्यांनी माझा नवा पेपर उघडला आणि शेवटचा परिच्छेद मलाच मोठ्याने वाचायला सांगितला.

वाचायला लागलो. जुन्या भट्टीतला तापमापक दाराशी होता. तो सव्वादोनशे दाखवत होता, तेव्हा आतला पत्रा त्याहून शंभर अंश जास्त तापलेला होता, म्हणून फाटला नाही. सबब आधीच्या पेपरचा निष्कर्ष टिकत नाही. आधीचा पेपर माझा. हाही माझाच.

बाईंनी अगदी हळू आवाजात विचारलं की दोन्हींवर पहिलं नाव तुमचंच आहे, तर यातला खरा कोणता? नवा म्हणावं तर सायटेशन्स मातीत, जुना म्हणावं तर अर्ज मातीत. पाणी मागितलं. प्यायलो. आणखी मागितलं. मग तोंडातून निघूनच गेलं की नवा खरा आहे, आणि तो मी नाही, तिने केलाय.

मग पहिलं नाव तुमचं कसं, असं त्यांनी विचारलं. तिसऱ्यांदा पाणी कोणी दिलं नाही.

५ मार्च
गंज प्रोफेसर झाला. पेढ्यांसारखं गोड हसेल म्हणून तयारीने गेलो होतो. तो हसला नाही, त्याने माझा हात धरून ठेवला. ते जास्त लागलं.

लेखकांचा क्रम बदला, असं विभागप्रमुखांनी फर्मावलं. विद्यार्थिनीला विचारलं, दुसऱ्या जागी तरी मला ठेवशील ना? तुम्हीच ठरवा सर, असं ती म्हणाली. म्हणून पेपर वाचायला घेतला. अथपासून इतिपर्यंत, पहिल्यांदाच. त्यात मी केलेलं काय आहे ते शोधत होतो. आभाराचा परिच्छेदसुद्धा दोनदा वाचला. संध्याकाळी तिला फोन करून सांगितलं, माझं नाव काढ. मग म्हटलं, फेलोशिप वाढवण्याचा अर्ज घेऊन ये, सही करतो. अर्जाची तारीख उलटून गेली होती. तरी ये म्हणालो.

९ जून
पेपर छापून आला. एकटीच्या नावाने. माझी सायटेशन्स एकाने वाढली! सवयीने आधी आकडाच पाहिला.

मग माझ्या उल्लेखाचं वाक्य वाचलं; छापायच्या आधी तिने ते बदललंय. 'चूक' हा शब्द तिने कुठेही लिहिलेला नाही. 'त्या काळच्या भट्टीच्या मर्यादेमुळे', असं आहे. सगळं भट्टीवर घातलंय. चार वर्षं मी तिला हात जड आहे म्हणत होतो.

घरी बायकोला पेपर दाखवला. पहिल्या पानावर बोट फिरवत तिने विचारलं, यात तू कुठे आहेस? शेवटचं पान उलटून दाखवलं. संदर्भांच्या यादीत. सातवा.