सातव्या हिरवळीजवळचा दिवा

प्रिय ठकू,

या पत्रातून मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे : सातव्या खळग्याभोवतीची हिरवळ मेली, त्यात तुझ्या नवऱ्याचा कसूर नाही. तुला हे पटवून द्यावे लागणार नाही, हे मी जाणते. पण उद्या गोल्फ क्लबच्या समितीपुढे मैदानाची निगा राखण्याच्या त्याच्या नोकरीचा निकाल आहे, आणि त्याला काढावे ही शिफारस अध्यक्ष म्हणून माझीच आहे. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले, तरी माझ्या युक्तिवादातली फट तुझ्याइतक्या चटकन कोणी पकडली नाही. म्हणून मांडणी आधी तुझ्यापुढे ठेवते.

समितीच्या गेल्या बैठकीत काय झाले ते तुझ्या कानावर आले असेलच. अठरा हिरवळी, माती एक, पाणी एक, मुळे खाणाऱ्या हुमणीच्या अळीसाठी घातलेले औषधही एकच. सतरा जगल्या, एक मेली. म्हणजे त्या एकीकडे दुर्लक्ष झाले, असे मी मांडले. तो उभा राहून एवढेच म्हणाला, “मॅडम, मी अठराही सारख्याच जपल्या.” मॅडम म्हणायला त्याला मीच सांगितले होते, लग्नानंतर तो आई म्हणू पाहत होता. खजिनदार म्हणाले, “मग सातवीनं काय तुमच्यावर रुसून जीव दिला, गवतराव?” सगळे हसले. गवतराव हे नाव मी रागाच्या भरात ठेवलेले. क्लबभर कसे पसरले कोणास ठाऊक. मीही हसले. मग विचारले, “सातवी वेगळी का, एवढंच सांगा.” तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला आणि खाली बसला. ते मौन मी कबुली म्हणून टिपून घेतले. मौन ही कबुली नव्हे, हे मी पहिल्याच तासाला शिकवत असे.

तेव्हापासून घरात एका जागी बसवत नाही. चहा करते आणि ओट्यावर विसरते. तुझ्या कपाटाची दारे उघडते, लावते. हे लिहितानाही खुर्ची खिडकीकडून भिंतीकडे आणि पुन्हा खिडकीकडे नेऊन झाली. तुझे बाबा असते तर म्हणाले असते, “अगं, बूड टेक जरा.” तुझ्या लग्नाविरुद्ध मी दिलेली कारणे तुला एकही खोडता आली नव्हती. बॅग उचलताना तू म्हणालीस, “वाद तू जिंकलीस, आई. आता घरही तूच सांभाळ.” सांभाळते आहे.

परवा सकाळी साळुंक्यांनी सातव्या हिरवळीवर दंगा मांडला होता. त्यांना हाकलायला आपल्या घराच्या मागच्या फाटकातून गेले. मूठभर गवत धरून ओढले, तर चटई उचलावी तसे हातात आले. खाली मुळे नव्हतीच. अंग मुडपून पडलेल्या पांढऱ्या अळ्या तेवढ्या होत्या. किळस आली, तरी वाकून पाहिले. मान वर केली तेव्हा लक्षात आले की त्या करपलेल्या गवतामधून एक रुंद पट्टा हिरवागार राहिला आहे, आणि तो थेट आपल्या कुंपणालगतच्या पाण्याच्या टाकीच्या रोखाने आला आहे. टाकीची सावली दिवसा तिथे कधीच पडत नाही. फाटकावरचा दिवा लावला की पडते.

भुंगेरे दिव्यावर येतात, उजेडातल्या ओल्या गवतात अंडी घालतात, त्यातून हुमणी निघते. हे मला माहीत नव्हते असे नाही. हंगामात संध्याकाळनंतर मैदानाकडचे दिवे लावू नयेत, हे परिपत्रक तुझ्या नवऱ्याने तयार केले आणि त्यावर सही माझी. क्लबने ते पाळले. आपले घर क्लबच्या हद्दीबाहेर, म्हणून नियम मला लागू नाही, असा सोयीचा अर्थ मी लावला. औषध कोवळ्या अळ्यांवरच चालते. त्याचा जोर ओसरल्यावरही माझा दिवा नवे भुंगेरे बोलावत राहिला. सकाळी पायरीवर पडलेले भुंगेरे मी खराट्याने कुंपणापलीकडे लोटत असे. म्हणजे जे आपल्या पंखांनी पोचले नाहीत, त्यांनाही मीच पोचवले.

हे त्याला कळले नसेल? त्याच कुंपणाशी वाकून तो रोज गवत तपासत होता आणि दिवा त्याच्या डोक्यावर होता. “मॅडम, तुमचा दिवा” एवढे म्हणाला असता, तरी नोकरी वाचली असती. तो का बोलला नाही, हे शोधताना माझ्या हाती एकच विधान आहे : तळ्यापलीकडच्या तुमच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरातून आपले मागचे फाटक दिसते. त्यातून निघणारा निष्कर्ष लिहायला मी अजून धजत नाही.

शिफारस मागे घेत असल्याचे पत्र आज समितीकडे दिले. उद्या ते मीच उभी राहून वाचणार आहे. खजिनदारांना हसायचे असेल तर माझ्यावर हसावे. परंतु तुला हे लिहिण्याचे कारण वेगळे आहे. कालपासून फाटकावरचा दिवा मी बंद केला आहे, आणि भुंगेरे सरेपर्यंत तो बंदच राहील. भांडी घासताना तू मान वर करशील, इकडचा अंधार पाहशील आणि त्यावरून भलताच अर्थ काढशील, या विचाराने काल दोनदा दिव्याच्या बटणापर्यंत जाऊन परत आले. दिवा नाही, एवढ्यावरून काहीही सिद्ध होत नाही. फाटकाची किल्ली तुझ्याकडे आहे. कुलूप तेच आहे.

एक चूक सहीनिशी नोंदवते. समितीला दिलेल्या पत्रात, दिवा रात्रभर का लावत होते याचे कारण मी ‘चोरांची भीती’ असे लिहिले आहे. ते बरोबर नाही.

तुझीच,
आई