सहा मेळाव्यांचे पाहुणे

ओस्टलंड, नेब्रास्का
१७ नोव्हेंबर १९५८

ताईस धाकट्या थर्लोचा सप्रेम नमस्कार.

थंडीत तुझी बोटं कशी आहेत? लॉर्नाचा खोकला उतरला का? (पोरीला मोहरीचा लेप लाव. वैद्यकशास्त्र कितीही पुढे गेलं तरी आपल्या आईच्या लेपापुढे गेलेलं नाही.) दाजींची चौकशी मुद्दाम करत नाही, कारण माझं नाव निघालं की ते ताटावरून उठतात असं तू फोनवर म्हणालीस. म्हणूनच हे पत्र तुझ्या नावाने. झालं ते क्रमाने सांगतो, न्याय तू कर.

आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाचे यंदा सात सामने झाले. त्यांतले सहा दुसऱ्या कॉलेजांच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात. दाजींच्या कॉलेजात तुम्हीही तेच करता: वर्षातून एकदा जुनी मंडळी परततात, मिरवणूक निघते, मध्यंतरात मेळाव्याची राणी म्हणून निवडलेल्या मुलीला मुकुट चढतो, आणि अशा दिवशी हरून कसं चालेल? म्हणून हमखास हरणारा संघ बोलावायचा. आम्ही अडीच वर्षांत एकही सामना जिंकलेलो नव्हतो, त्यामुळे लग्नसराईत वाजंत्र्यांना असते तशी आम्हाला मागणी. (राहिलेला एक आमच्याच मेळाव्यातला. तोही हरलो.) सगळीकडे हॅम, बटाट्याचं सॅलड, गरम कॉफी, कशाला म्हणून कमी नाही. हा पाहुणचार नव्हे, बळीच्या बोकडाला घातलेला चारा आहे, असं मी विश्वस्तांच्या सभेत ठणकावून सांगितलं. पन्नास मिनिटं बोललो. अध्यक्ष हॅल्व्हरसन, ज्यांची गावात धान्याची कोठारं आहेत, शांतपणे म्हणाले, “मास्तर, भाषण झकास. आता यंदा एक तरी सामना जिंकून दाखवा, नाहीतर वसंतात त्या मैदानात मी मका पेरतो.” आणि हा माणूस पेरतो म्हणाला की पेरतो.

तुला वाटेल, वक्तृत्व शिकवणाऱ्याला फुटबॉलची एवढी काळजी का? ताई, आमच्या एकतीस खेळाडूंतले वीस तरी खेळ नसता तर कॉलेजची पायरी चढले नसते. डेलबर्टचंच बघ. डुकरं राखता राखता केवळ खेळण्यासाठी इथे आला आणि आता लॅटिन वाचतो (सावकाश, ओठ हलवत, पण वाचतो). मैदानात मका उगवला की तो परत डुकरांकडे जाणार. हे मी माझ्या डोळ्यांदेखत होऊ देणार नाही.

तेव्हा सामन्याआधी पोरांना स्फूर्ती देण्याचं काम मी स्वतःहून अंगावर घेतलं. पहिल्याच दिवशी थर्मोपिलीच्या खिंडीत लढलेले तीनशे ग्रीक वीर त्यांच्यापुढे उभे केले. डेलबर्टने हात वर केला.

“सर, ते सगळे मेले ना?”

“मेले, पण कसे मेले ते बघ!”

“नाही, म्हटलं शेवट आधीच विचारून ठेवावा.”

पुढच्या शनिवारी माझा समारोप जरा लांबला, संघ मैदानावर उशिरा उतरला आणि चेंडूला पाय लागण्याआधीच आम्हाला पंधरा यार्ड मागे हटवण्याचा दंड झाला. प्रशिक्षक प्रोकॉप हे सरळ बोलणारे गृहस्थ. म्हणाले, “तुमच्या भाषणाने पोरं पेटत नाहीत हो, पेंगतात.” असे सहा सामने हरलो. उरला एकच, तुमच्याकडचा.

मध्यंतरापर्यंत तुम्ही सहा, आम्ही शून्य. तेवढ्यात दाजी स्वतः माइक घेऊन आले. (हे तू विसरू नकोस. स्वतः आले.) “मेहुणेबुवा, राणीची भाची लागता म्हटल्यावर,” असं काहीतरी उलटंसुलटं बोलून गेले बिचारे आनंदात, “चार शब्द बोला. पण चारच हं!” समोर आपली लॉर्ना, डोक्यावर मुकुट, दंड उघडे. तिच्यामागे तुमच्या रिवाजाप्रमाणे तुमचा अख्खा संघ शिरस्त्राणं काढून दोन रांगांत उभा. उत्तरेचा बोचरा वारा थेट डकोटातून येत होता. मी यजमानाचं कर्तव्य या विषयावर बोललो. माझ्या मते दहा मिनिटं, प्रोकॉपच्या घड्याळाप्रमाणे चौतीस. आमची पोरं तेवढा वेळ आत शेगडीभोवती घोरत होती. समारंभ तुमचा, म्हणून उशिराचा दंड तुम्हाला. पुढे तुमच्या पोरांच्या गारठलेल्या बोटांना चेंडू हातात धरून पळवेना. तो तुमच्याच गोलरेषेमागे निसटला आणि डेलबर्ट त्याच्यावर पडला, म्हणजे आमचे सहा गुण (डाव वगैरे काही नाही, पाय घसरला). मागोमाग एक गुणाची किकही बसली. सात-सहा.

हे मी मुद्दाम केलं असं दाजी म्हणतात ते साफ खोटं. मी मुद्दाम कधीच लांबवत नाही, माझ्या लग्नाला आलेल्या कुणालाही विचार. शब्दांनी सैन्यं हलतात, असं तीस वर्षं वर्गात सांगत आलो. इथे सैन्य अर्धा तास जागचं हललं नाही, आणि तेच उपयोगी पडलं. यावर काय बोलावं मला सुचत नाही, आणि मला न सुचणं म्हणजे काय ते तू जाणतेस.

हॅल्व्हरसननी शब्द पाळला, बियाणं परत कोठारात ठेवलं. पण आठवड्याभरात पाच कॉलेजांची पत्रं आली: पुढच्या वर्षीच्या मेळाव्यासाठी दुसरा संघ ठरवला आहे, क्षमस्व. जिंकणारा पाहुणा कुणाला हवा! आता विश्वस्त म्हणतात, नाताळपर्यंत निदान एक सामना ठरवून आणा. प्रतिस्पर्धीच नसेल तर संघ कशाला?

सर्वांना आठवण सांग. लॉर्नाला पापा.

तुझा,
थर्लो

ता. क. दाजींना सांग, पुढच्या मेळाव्याला आम्हालाच बोलवा. एकाने बोलावलं की बाकीचेही बोलावतील. आम्ही अजूनही तितकेच वाईट खेळतो, हे मी शपथेवर लिहून देतो.

ता. क. २. माइकला हात लावणार नाही, हेही लिहून देतो.

ता. क. ३. पत्र टपालात टाकायला प्रोकॉपकडे दिलं, तर त्यांनी वाचलं आणि म्हणतात, दुसरं वचन खोडा, आपल्याकडे दुसरा डाव आहे कुठे? मी खोडलेलं नाही. मी शब्दाचा पक्का आहे. पण ताई, यजमानाने स्वतः आग्रह केला तर पाहुण्याने नाही म्हणणं बरं दिसत नाही. तेव्हा पुढच्या राणीला कोट घालून उभी करा, एवढं दाजींना आत्ताच सांगून ठेव.