कॅमेरा कोणी धरलाय?

रविवार, ५ ऑक्टोबर

लेकाचा व्हिडिओ आला. नेहमीसारखाच, मिनिटभराचा. "आई, मी मजेत, ही पण मजेत. गोळ्या घेतेस ना?" — संपलं! एवढ्यासाठी मी आठवडाभर फोनकडे डोळे लावून बसायचं. सून शूटिंग करते म्हणे, म्हणून दिसत नाही. दोन शब्द बोलली तर जीभ झिजेल का तिची?

मीही माझा पाठवला. आधी टेबल आवरलं, चहा घेऊन बसले, आणि शेजारी नेहमीप्रमाणे दुसरा कप मांडला — कोणीतरी गप्पा मारायला आलंय असं वाटावं म्हणून. माझ्याकडे कोण येतंय! पण पोराच्या जिवाला घोर नको.

मंगळवार, ७

कॉलेजात आज 'वाच्यार्थ आणि सूचितार्थ'. फळ्यावर रिकामी खुर्ची काढली. वाच्यार्थ — लाकडी खुर्ची. सूचितार्थ? "कोणीतरी उठून गेलंय," एक म्हणाली. "कोणीतरी यायचंय," दुसरा. तिसरा म्हणे, "मॅडम, ही खुर्ची आहे की शिडी?" वर्गाबरोबर मीही पोट धरून हसले.

घरी चार खुर्च्या आहेत. तिघींवर इस्त्रीचे कपडे बसतात.

गुरुवार, ९

जेवले. झोपते.

शुक्रवार, १०

भर वर्गात फजिती! विश्लेषणासाठी आणलेली जाहिरात उघडेना. पोरं चुळबुळायला लागली, म्हणून लेकाचाच व्हिडिओ पडद्यावर लावला, आवाज बंद करून. कोण ते सांगितलं नाही. म्हटलं, करा सुरुवात — काय दिसतं, काय सुचतं, चौकटीबाहेर काय ठेवलंय, आणि कॅमेरा कोणी धरलाय? हा शेवटचा प्रश्न मी इतका घोकून घेते की पोरं माझी नक्कल करतात.

वाटलं, 'सुखी माणूस' म्हणतील. हसतोय ना तो! तेच अपेक्षित वाचन — करणाऱ्याला आपण जे समजावं असं वाटतं, ते.

मागच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी, म्हणाली, "हा एकटा राहतो."

"चूक! समोर बायको उभी आहे, तीच शूटिंग करतेय." मी जरा जोरातच बोलले.

"मग कॅमेरा जराही हलत कसा नाही, मॅडम? कशाला तरी टेकवलाय. आणि सुरुवातीला बघा ना, तोच बटण दाबून मागे सरकतो."

पुन्हा लावला. खरंच! हात त्याचाच. मी दर वेळी चेहरा बघते — खाल्लंय का, झोपलाय का. हात कोण बघतं!

"बरोबर," एवढंच म्हटलं. तास लवकर सोडला.

शनिवार, ११

जुने सगळे व्हिडिओ काढून बसले. उन्हाळ्यापर्यंत चित्र हलतंय, मागून तिचं खुदकन हसणं ऐकू येतंय. मग एकदम स्थिर. गोष्ट सांगताना मधला भाग गाळतात, त्याला लोप म्हणतात, तो बघणाऱ्याने आपल्या मनाने भरायचा असतो. मी काय भरलं? तर सून शिष्ट आहे! वा, बाईसाहेब. शिकवा अजून!

विचारू का? सांगत नाही, म्हणजे सांगायचं नसेल. विचारलं आणि तो हा मिनिटभराचा व्हिडिओही पाठवायचा बंद झाला तर? माझ्याकडे तेवढंच तर उरलंय.

रविवार, १२

त्याचा आला. "मजेत." मी हातच बघितला.

विचारायचा धीर झाला नाही. पण आज दुसरा कपही मांडला नाही. फोन हातात धरला आणि अख्खं घर फिरवून दाखवलं — खुर्च्यांवरचे कपडे, एकाच बाजूने चुरगळलेला पलंग, ओट्यावरचं एकच ताट. म्हटलं, "बघ बाबा, हे असं आहे. मला अजिबात करमत नाही रे." पाठवला आणि फोन उशीखाली खुपसला.

सोमवार, १३

उत्तर आलं. "आई, त्या दुसऱ्या कपातून कधी वाफच येत नव्हती गं. मला कळायचं. पण तू इतकी नीट मांडायचीस, म्हणून बोललो नाही. ही उन्हाळ्यातच सोडून गेली. मी येऊ का तिकडे?"

एका खुर्चीवरचे कपडे उचलून कपाटात ठेवले.