एकशेवीस वॅट

मारेडपल्ली, सिकंदराबाद
रविवार, १५ जानेवारी १९९५

तीर्थरूप अण्णांस,
रेणूचा साष्टांग नमस्कार.

आईने पाठवलेला तिळगूळ पोचला. डबा ऑफिसात उघडला ही चूक झाली. शेजारच्या टेबलावरच्या कौस्तुभने अर्धा संपवला. काम ठीक आहे. आता आमचे प्रोग्रॅम उपग्रहामार्फत थेट अमेरिकेला जातात. कॉफी मात्र अजून बशीत ओतूनच पितात सगळे.

मी जूनपासून सायकल चालवते. आईला ठाऊक आहे. तुम्हाला सांगू नको, असं मीच तिला म्हटलं होतं.

सायकल साधी, काळी, गियर नसलेली. स्टेशनकडून माझ्या खोलीकडे येताना एक चढ लागतो, सव्वीस मीटर उंचीचा. पहिल्या दिवशी अर्ध्यात उतरले. जुलैत न उतरता वर पोचले, त्याला सात मिनिटं चाळीस सेकंद लागले. वजन, उंची, वेळ मांडली तर चाळीस वॅट. तुम्ही तीस वर्षं वीज मंडळात काढलीत, तुम्हाला काय सांगायचं? न्हाणीघरातला दिवा.

मग कॅरिअरवर वाळूचं पोतं बांधायला लागले. आधी दहा किलो, पुढे दर तीन आठवड्यांनी आणखी दहा. चढ संपतो त्या नाक्यावर सायकली दुरुस्त करणारे युसूफभाई मागचं चाक घट्ट करताना म्हणाले, "क्या अम्मा, चावल की दुकान खोल रैं क्या?"

"चावल नक्को भाई, रेती है."

"रेती? तो ठेला लेव ना! सायकल की जान कायकू लेरे?"

चाळीस किलोला मी पडले. पोतं फाटलं, कोपर सोललं. युसूफभाईंनी पोतं शिवून दिलं. कोपराबद्दल विचारलं नाही, त्यामुळे बरं वाटलं.

आज सकाळी साठ किलो. चार मिनिटं चाळीस सेकंद. एकशेवीस वॅट! घर्षण धरलेलं नाही, म्हणजे खरा आकडा याहून जास्तच. युसूफभाईंनी वरून शिट्टी मारली. मी उतरले नाही. तशीच खाली गेले आणि पोत्यासकट पुन्हा चढले. त्याला काही कारण नव्हतं.

उजव्या मांडीचा घेर डावीपेक्षा आता एकच सेंटिमीटर कमी आहे. ऑपरेशननंतर चारने कमी होता. गुडघा पुरता वाकत नाही, पण पायडलला लागतो तेवढा वाकतो.

आता टाळत होते ते लिहिते. तीन वर्षं तुम्ही तूप पाठवता, लोणचं पाठवता, स्वतः येत नाही. स्कूटरवर ताडपत्री घातली आहे आणि बाजारात चालत जाता, असं आईने कळवलं. अण्णा, नळेगावच्या वळणावर खडी सांडली होती. मी मागून काटा पाहिला होता : पस्तीस. त्या वेगाला, त्या खडीवर कुणाचीही स्कूटर घसरली असती. हे मला दवाखान्यातच कळत होतं. सांगितलं नाही, कारण तेव्हा मला तुमच्यावर रागवायचं होतं. तो राग केव्हाच संपला. सांगायचं मात्र राहून गेलं.

तुमचं वजन साठ किलो आहे, हेही आईनेच कळवलं.

पुढच्या रविवारी या. स्टेशनबाहेर रिक्षा करू नका, मी सायकल घेऊन उभी असेन. चढावर "उतरतो" म्हणायचं नाही, आणि मागे हलायचं नाही. पोतं हलत नव्हतं.

तुम्हाला घरी घेऊन येणारी,
रेणू