हक्कसोडीची भाऊबीज

डोंबिवली, २४-१०-२०२५

चि. रुचितास,
आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तुझा बाबा ऐकतो, म्हणून पत्र. अक्षराला हसू नको, शाळा चौथीत सुटली ती सुटली.

काल कोलशेतहून माझा भाऊ कुंडलिक भाऊबीजेला आला. तुझ्या आजोबांच्या बाराव्यानंतर पहिल्यांदाच. मी इतकी हरखले की वड्यांत मीठ दोनदा पडलं. खाऊन म्हणतो, आईच्या हातची चव आहे. खोटं बोलला, पण बरं वाटलं गं.

ओवाळलं तर तबकात त्याने निळं पातळ ठेवलं आणि पातळावर कागद. आमच्या वडलांच्या भातखाचरावर टॉवर होतोय, बिल्डरला सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात. बहिणी हक्क सोडतातच, धाकट्या आवडाबाईने सोडला, तू पण सोड, म्हणाला. मी म्हटलं, नातीला विचारते, ती वकील आहे. म्हणताना मान जरा जास्तच वर गेली असेल. तो चहा तसाच ठेवून उठला आणि दारातून बोलला, "सही नाही केलीस, तर तुझ्या मयताला माहेरचं लुगडं येणार नाही."

बाईच्या अंगावर शेवटचं लुगडं भावाचं पडतं, मगच तिला उचलतात, ही आपली रीत तुला ठाऊक आहे. मला टॉवर काय करायचाय? भाऊ हवाय. सही करू का, ते कळव. पुण्यात थंडी पडली असेल, कान बांधत जा.

तुझी आजी,
सगुणा

पुणे, २-११-२०२५

ती. आजीस,
रुचिताचा शि. सा. न. वि. वि.

सही करू नकोस. कायदा २००५ लाच बदलला आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं, की मुलीचा हिस्सा जन्मापासूनचा, वडील आधी वारले असले तरीही. खाचराची वाटणी कधी झालीच नाही, म्हणजे तू भावाच्या बरोबरीची. माहेर देतं ती भेट, आजी. हा तुझा हक्क आहे.

बाबांशीही बोलले. ते म्हणाले, आईवर अन्याय होऊ देणार नाही. इतके ठाम मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

इकडे फौजदारी कायदे सगळे नवे झालेत, चारशेवीस कलमसुद्धा गेलं. आमचे सर अजून जुनेच आकडे बोलतात. गोळ्या घे. माया आहेच, ती राहू दे.

तुझी,
रुचिता

डोंबिवली, ३०-१-२०२६

चि. रुचितास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

जिंकलो गं पोरी. माझ्या सहीवाचून बिल्डरचं अडलं, तेव्हा कागदावर माझं नाव कुंडलिकच्या शेजारी लागलं, पहिला हप्ता बँकेत आला. तुझा बाबा पेढे घेऊन आला, चाळीतल्यासारखे शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटले. कुंडलिकने भाचीच्या हळदीला बोलावलं नाही. चारशेवीस गेलं म्हणतेस, मग आता त्याला शिवी तरी कोणती घालू?

पेढे संपायच्या आत तुझा बाबा माझ्याजवळ येऊन बसला. हिस्सा प्रेमच्या नावे लिहून दे, म्हणाला. रुचिता परक्या घरी जाणार, तिला प्रेमसारखा भाऊ आहे, ती हक्क सोडेलच. मी विचारलं, मग कुंडलिकचं काय चुकलं रे? तर म्हणतो, ते वेगळं.

मी मृत्युपत्र केलं. प्रेमला अर्धं, तुला अर्धं. तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नाही. तुझ्या आईकडून निरोप येतो, पाणी हवं का. आणि तुझ्यासाठी निरोप आहे, तो मीच लिहिते, दुसऱ्याच्या तोंडून ऐकू नकोस. अर्धं घेतलंस, तर प्रेमने तुला भाऊ म्हणून उभं राहायचं नाही, असं बाबा म्हणाला. प्रेम तिथेच मोबाइल बघत होता. नाही म्हणाला नाही.

काल शेजारच्या दर्शनाला घेऊन फडके रोडवर गेले. पहिल्या हप्त्यातून दोन लुगडी घेतली, हिरवी, चांगल्या काठांची. दुकानदार म्हणाला, आजी, लग्न आहे वाटतं. मी म्हटलं, माहेरहून आलीत.

एक माझं. दुसरं तुझ्या नावाची चिठ्ठी लावून ट्रंकेत ठेवलंय. अभद्र बोलले म्हणून रागावू नको. सही मात्र करू नकोस. आजीवर जीव असू दे.

तुझी,
सगुणा