हॉलमध्ये विचारलेले प्रश्न

सानपाडा, ११ ऑगस्ट २०२५

चि. ऋतास,
अनेक आशीर्वाद.

पीएच.डी. होत आली, आता तुला डॉक्टरीणबाई म्हणायचं का? माझ्या दादाला सांग, गुडघ्याला तेल लाव, नुसता कण्हू नकोस.

हे पत्र विरंगुळा केंद्रात बसून लिहितेय. अगं, आमचं केंद्र बंद करताहेत! महिनाअखेरीस कुलूप. केंद्र चालवणाऱ्या संस्थेच्या साहेबांनी कारण वाचून दाखवलं. म्हणे नवी मुंबईतले म्हातारे आपापल्या घरी समाधानी आहेत, असं एका अभ्यासात दिसलंय. खाली नाव तुझं! इथल्याच सुचित्राताईंनी सगळ्यांदेखत विचारलं, ही तुमची भाचीच ना? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काहीतरी कर बाई. घरी फोन नको, मला कमी ऐकू येतं म्हणून सूनबाई क्षिप्रा तो स्पीकरवर लावते. इथल्याच पत्त्यावर लिही.

माया आहे, ती राहू दे.
तुझी
सुमेधाआत्या

पुणे, १६ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. माझा अभ्यास असा वापरतील हे ध्यानीमनी नव्हतं. पण आत्या, आकडे खोटे नाहीत गं. आम्ही घरोघरी फिरलो, बहुतेकांनी ‘पूर्ण समाधानी’ हेच सांगितलं. तुझ्याकडे तर मी स्वतः आले होते. तूही हसत हसत तेच म्हणालीस. मग आता मी कुठल्या तोंडाने भांडू? खरं काय ते कळव.

रागावू नकोस, जीव आहेच तुझ्यावर.
तुझी
ऋता

सानपाडा, २० ऑगस्ट

चि. ऋतास,
आशीर्वाद.

रागावू नको तर काय करू? तू आलीस तेव्हा आपण हॉलमध्ये बसलो होतो. शेजारी क्षिप्रा, तिने तुझ्यासाठी गरम थालीपिठं केलेली. समोर माझा स्वानंद लॅपटॉप घेऊन. आणि तू विचारलंस, घरची माणसं तुमच्याशी बोलतात का! काय सांगायचं होतं गं मी, शहाणे? सुचित्राताईंच्या घरी तर मुलानेच सगळी उत्तरं दिली, त्या नुसती मान डोलवत होत्या. इथे केंद्रात मी सगळ्यांकडे चौकशी केली. एकट्याला गाठून तुम्ही कुणालाच विचारलेलं नाही.

माझी सून वाईट नाही हो. मुलगाही नाही. पण दोघं सकाळी जातात, रात्री येतात ती मोबाइलमध्ये डोकं घालून. मी बोलते ती इथे. कुलूप लागलं तर कुणाशी बोलू मी?

लोभ कमी झालेला नाही, पण राग आहे.
तुझी
आत्या

पुणे, २७ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न.

चुकलंच माझं. गाइडना सांगितलं तर म्हणाले, पुढच्या आठवड्यात तोंडी परीक्षा आहे, आता गप्प बस. दोन दिवस नुसतं टेन्शन. शेवटी विद्यापीठाला लिहून दिलं, की माणसांना त्यांच्या घरच्यांसमोर विचारलंय, हे निष्कर्ष ग्राह्य धरू नका. परीक्षा लांबली. गाइड बोलत नाहीत, बाबा चिडलेत, आणि मला भीती वाटतेय.

पण तेच मी तुमच्या साहेबांनाही कळवलं, ते एक महिना थांबायला तयार झालेत, नव्याने विचारून आणा म्हणाले. सात सप्टेंबरला, रविवारी येते. केंद्राच्या मागच्या खोलीत, दार लावून, सगळ्यात आधी तुलाच विचारणार.

आशीर्वाद असू दे.
तुझी
ऋता

सानपाडा, २९ ऑगस्ट

चि. ऋतास,
खूप खूप आशीर्वाद.

पोरी, ऊर भरून आला. सुचित्राताईंनी तर सगळ्यांना पेढे वाटले.

पण एक ऐकशील? माझ्यापुरती तू येऊ नकोस. दार लावलंस तरी समोर तूच असणार, माझ्या दादाची लेक. मी काही बोलले की तुझे डोळे भरणार, संध्याकाळपर्यंत ते दादाला कळणार, आणि दुसऱ्या दिवशी तो स्वानंदला फाडून खायला इथे हजर. त्या भीतीने मी पुन्हा छानच आहे म्हणेन, मला ठाऊक आहे. मागच्या पत्रात लिहिलं तेही अर्धंच होतं.

उरलेलं सांगायचंय मला. कुणीतरी परकं माणूस पाठव.

माझ्यावरची माया तेवढी सोडू नकोस.
तुझी
आत्या