भोपळ्याचा बिल्ला

२४ डिसेंबर

कुणीतरी आजच फटाका लावला! एकच. पण भोपळ्या पलंगाखाली घुसला तो बाहेर यायलाच तयार नाही. एवढं धूड कुत्रं, पण थरथर कापत होतं. आप्पा फरशीवर आडवे होऊन त्याच्याशी बोलत बसले. "अरे, मी आहे ना." मग मान वळवून मला विचारलं, "ह्याचं नाव काय गं?"

मी हसत सांगितलं. मग आप्पांना ऐकू जाईल अशी त्याला दोनदा नावाने हाक मारली.

२५ डिसेंबर

एकतीस तारखेच्या धास्तीने झोप उडालीय. गेल्या वर्षी पहिल्याच धडाक्याला हा उघड्या दारातून पसार झाला. दुसऱ्या दिवशी सापडला, उभ्या ट्रकखाली, पंजा सोलवटलेला. तोवर आप्पांनी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. रात्री तो पायाशी नसेल तर त्यांना झोप येत नाही. त्याला काही झालं तर आप्पांचं काय होईल? ह्याच्या पुढचा विचार मी करतच नाही.

दुकानात नावाच्या पाट्या आणि बक्षिसाच्या ढाली कोरून हात भरून आले. जेवणाच्या सुट्टीत उरलेल्या पितळी पत्र्याचा एक गोल तुकडा कापला, कडा घासल्या, माझा फोन नंबर कोरला. मालक म्हणाले, "कुत्र्याचा थाट बघा!" असू दे थाट. घरी येऊन तो बिल्ला त्याच्या पट्ट्याला अडकवला. नंबर खोल कोरलाय, झिजायचा नाही.

२७ डिसेंबर

जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो, आप्पाही होते. "मागच्या खोलीत ठेवा. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, रेडिओ चालू. चॉकलेट, द्राक्षं, हाडं अजिबात द्यायची नाहीत — पाहुण्यांना आधीच दम भरा. आणि एकटा कोंडणार असाल तर गळ्यातला पट्टा काढा, कशात अडकला तर फास बसेल."

निघताना डॉक्टरांनी मला हळूच विचारलं, "आजोबा बरे आहेत ना?" मी म्हटलं, बरे आहेत.

२९ डिसेंबर

दादा-वहिनी पोरांना घेऊन आले. सामान आत येतंय आणि दार सताड उघडं! मी किंचाळलेच. वहिनी म्हणाली, "अगं, कुत्रं आहे का मंत्री?"

दारावर ठळक अक्षरात कागद चिकटवला — दार लावा! भोपळ्या पळेल! आप्पा येताजाता तो मोठ्याने वाचतात, दर वेळी पहिल्यांदाच वाचल्यासारखा. "भोपळ्या पळाला?" चेहरा पांढराफटक. मी दाखवते, हा काय, तुमच्या पायाशी.

दादाला म्हटलं, आप्पांना कुणाला तरी दाखवायला हवं. "वय झालंय गं. तू सगळ्याचाच बाऊ करतेस." खरं तर मलाही हेच ऐकायचं होतं.

३० डिसेंबर

वहिनीने केक टेबलाच्या कडेला ठेवला. चॉकलेटचा! उचलून कपाटावर टाकला. वहिनी फुगलीय. फुगू दे.

३१ डिसेंबर, संध्याकाळ

सुरू झालं. दादा-वहिनी पोरांना घेऊन गच्चीवर गेलेत. भोपळ्या मागच्या खोलीत. पट्टा काढून बाहेर खुंटीवर अडकवलाय. आत दार ओरबाडतोय, रडतोय. मी काळजावर दगड ठेवून बाहेर बसलेय. आप्पा दोनदा येऊन गेले. "कुत्रं दिसत नाही गं?" आत आहे, म्हटलं. दुसऱ्यांदा जरा खेकसलेच.

मग मीच आत जाऊन भोपळ्याजवळ बसले, दार लोटून. रेडिओचा आवाज वाढवला. हळूहळू त्याने माझ्या मांडीवर डोकं टेकलं. सुटलो ह्या वर्षी!

३१ डिसेंबर, थोड्या वेळाने

आप्पा घरात नाहीत.

बाहेरच्या दाराची कडी काढलेली. दार मात्र नीट ओढून घेतलेलं, कागदावर लिहिलंय तसं.

दादा एका बाजूला धावलाय, वहिनी दुसऱ्या. घरी कुणीतरी हवं म्हणून मी. पोलिसांनी फोनवर विचारलं, अंगावर कपडे कोणते होते? मला सांगता येईना. भोपळ्याच्या पाठीवरचा डाग कुठे संपतो ते मला पाठ आहे, आणि आप्पांचा शर्ट आठवेना! बाहेर धडाडधूम चाललंय. लिहीत राहिले नाही तर मी ओरडेन.

भोपळ्या रिकाम्या खुंटीखाली उभा आहे.

१ जानेवारी

काल फोन आला तो बसच्या कंडक्टरचा. "बाई, तुमचं कुत्रं हरवलंय का? इथे शेवटच्या थांब्यावर एक आजोबा रडत रडत सगळ्यांना विचारतायत. स्वतःचं घर कुठे ते त्यांना सांगता येत नाही. पण हातात पट्टा आहे, त्याच्या बिल्ल्यावर हा नंबर आहे."